गाड्यांना जीपीएस तर लावला, आता बससेवा सुधारायची कशी?

गाड्यांना जीपीएस बसला, कंट्रोल रूममध्ये भिंतभर स्क्रीन लागली, नकाशावर हिरवे-लाल ठिपके पळायला लागले, आणि थांब्यावरचा माणूस मात्र पहिल्यासारखाच वळणाकडे मान लांब करून उभा. हे मी इतक्यांदा बघितलंय की आता कुणी विचारलं "ट्रॅकिंग बसवायचंय, कुठलं डिव्हाइस घेऊ" तर मी आधी उलट विचारतो, की डेटा यायला लागल्यावर तुम्ही तुमच्या कामात नेमकं काय बदलणार आहात? कारण ठिपका फक्त गाडी कुठे आहे एवढंच सांगतो. सेवा सुधारायला ती गाडी कुठली फेरी करतेय आणि पुढच्या गाडीपासून किती मिनिटं मागे आहे हे कळावं लागतं, आणि हे डिव्हाइसच्या खोक्यातून येत नाही, ते आपल्याला उभं करावं लागतं. मी बरीच वर्षं हा डेटा चाळण्यात घालवलीत, त्यामुळे ज्या क्रमाने गोष्टी केल्या तर उपयोग होतो त्या क्रमाने लिहितोय.

डिव्हाइसचं आधी उरकून टाकू

डिव्हाइसवर लोक महिनोन्महिने चर्चा करतात, खरं तर यात फार अडायचं कारण नाही. २ मे २००० पासून अमेरिकेने जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली, तेव्हापासून मोकळ्या आकाशाखाली साध्या रिसीव्हरलाही काही मीटरच्या आत जागा सापडते. ग्लोनास, गॅलिलिओ, बायडू, नाविक या जीपीएससारख्याच उपग्रह प्रणाली आहेत, त्यातल्या एकदोन सोबत वापरणारं डिव्हाइस घेतलं की उंच इमारतींच्या मधल्या रस्त्यावर थोडी मदत होते, तरी तिथे सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि गाडी शेजारच्या गल्लीत दिसते, ते होणारच, ते पुढे सॉफ्टवेअरने सावरायचं असतं.

बघायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत. एक म्हणजे किती सेकंदांनी पिंग, म्हणजे डिव्हाइसने पाठवलेली गाडीच्या जागेची नोंद, येतो. ताशी २० किलोमीटरने जाणारी बस १० सेकंदांत साधारण ५५ मीटर जाते आणि ३० सेकंदांत १६५ च्या वर, म्हणजे ३० सेकंदांचा पिंग असेल तर गाडी थांब्यावर थांबली की न थांबता पुढे गेली हे बऱ्याचदा कळणारच नाही. १० सेकंद ठेवा. १६ तास चालणाऱ्या एका गाडीचे दिवसाला ५७६० पिंग होतात, १०० गाड्यांचे पावणेसहा लाख, आजच्या कुठल्याही साध्या सर्व्हरला हे जड नाही. दुसरं म्हणजे नेटवर्क गेल्यावर डिव्हाइसने माहिती स्वतःकडे साठवून नंतर पाठवली पाहिजे. आणि हे असेल तर प्रत्येक पिंगवर दोन वेळा हव्यात, माहिती नोंदली तेव्हाची आणि सर्व्हरला मिळाली तेव्हाची, नाहीतर नेटवर्क नसलेल्या भागातून बाहेर पडलेल्या गाडीचे २० पिंग एकदम येतात आणि सिस्टीमला वाटतं गाडी आत्ता तिथे आहे.

तिसरी गोष्ट करारातली, आणि यात मी कुणालाही सूट देणार नाही. कच्चा डेटा, म्हणजे प्रत्येक पिंग जसाच्या तसा, तुमचा असला पाहिजे आणि तुम्हाला हवा तेव्हा काढता आला पाहिजे. एका ठिकाणी आम्हाला विक्रेत्याकडून फक्त महिन्याचा सारांश मिळायचा, त्यात "सरासरी वेग" आणि "एकूण किलोमीटर", बास. त्यातून एकाही थांब्यावरची एकही गाडी सुधारता येत नाही. सही करायच्या आधी हे लिहून घ्या, नंतर कुणी देत नाही.

थांबे पायी फिरून नोंदवा

कागदावरची थांब्यांची यादी आणि रस्त्यावरचे थांबे यांचा मेळ मी आजवर एकदाही बघितलेला नाही. खांब एकीकडे, लोक उभे राहतात दुसरीकडे, गाडी थांबते तिसरीकडे. म्हणून दोन माणसं आणि एक फोन घेऊन रूट पायी फिरा आणि गाडीचा पुढचा दरवाजा जिथे येतो तिथला बिंदू घ्या. जाणारा आणि येणारा थांबा एकाच नावाचे असले तरी त्यांना वेगळे क्रमांक द्या, हे चुकलं तर उलट्या दिशेने जाणारी गाडी "आली" म्हणून दिसते आणि प्रवासी वैतागतो. पैसे नाहीत म्हणून हे काम टाळू नका. नैरोबीमध्ये मटाटू म्हणजे खासगी मिनीबसचं ना नीट वेळापत्रक होतं ना नकाशा, तिथे विद्यार्थ्यांनी स्मार्टफोन घेऊन गाड्यांतून फिरून सगळे मार्ग नोंदवले आणि २०१४ मध्ये शहराचा पहिला पूर्ण मटाटू नकाशा छापून आला. कामाचा प्रकार तोच आहे. मार्गाची रेषा ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर आखता येते, तपासायला क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर आहे, दोन्ही फुकट.

गाडी थांब्यावर आली हे सिस्टीमला कळायला प्रत्येक थांब्याभोवती ३० ते ५० मीटरचं वर्तुळ धरलं तर बहुतेक ठिकाणी भागतं. शेवटच्या थांब्यावर भागत नाही. तिथे गाड्या आत येतात, वळतात, बाहेर रस्त्यावर उभ्या राहतात, पुन्हा फलाटाला लागतात, त्यामुळे फेरी कधी सुटली हे वर्तुळातून पहिल्यांदा बाहेर पडल्यावरून ठरवू नका. शेवटचं बाहेर पडणं धरा, ज्याच्यानंतर गाडी परत आत आली नाही आणि मार्गावरून पुढच्या थांब्याला पोचली. एवढ्या एका दुरुस्तीने आमच्याकडची "वेळेआधी सुटलेल्या" फेऱ्यांची यादी एका रात्रीत बरीच लहान झाली होती, म्हणजे तोवर त्या ड्रायव्हरांना उगाच बोल लागत होता.

खरं काम इथे आहे: गाडी आणि फेरी यांची जोडणी

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. डिव्हाइस गाडीला लावलेलं असतं, पण वेळापत्रकात गाडी नसते, फेरी असते. सकाळी डेपोमध्ये ठरतं कुठली गाडी कुठल्या ड्युटीवर, आणि मग गाडीचा टायर बसतो, बदली गाडी जाते, ड्रायव्हर येत नाही, दोन फेऱ्या रद्द होतात, आणि हे सगळं एका वहीत किंवा फोनवर होतं, सिस्टीमला कुणी सांगत नाही. दुपारपर्यंत सिस्टीमच्या मते जी गाडी रूटवर आहे ती वर्कशॉपमध्ये उभी असते आणि जी खरंच धावतेय तिच्यावर कुठलाच नंबर नसतो. प्रवाशाच्या ॲपवर दिसते पण थांब्यावर येतच नाही ती भुताची बस इथूनच येते.

उपाय दोन बाजूंनी करायचा. एक म्हणजे डेपोच्या खिडकीवर, जिथे ड्युटी वाटली जाते तिथेच, ती नोंद थेट संगणकात करायची सोय करा, आणि ती वहीपेक्षा कमी कष्टाची असली पाहिजे, तीन क्लिकच्या वर गेली की गर्दीच्या वेळी कुणी करणार नाही, आणि त्यांची काही चूकही नाही, समोर १५ ड्रायव्हर उभे असतात. दुसरं म्हणजे सॉफ्टवेअरने स्वतः अंदाज बांधायचा: ही गाडी या थांब्यावरून या वेळेला निघाली, या मार्गावरचे पुढचे चार थांबे ओळीने लागले, म्हणजे ती बहुतेक ८:१० ची फेरी करतेय. दोन्ही जुळलं तर उत्तम, नाही जुळलं तर कंट्रोलरला विचारा. ट्रान्झिटक्लॉक नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर जीपीएस वेळापत्रकाशी जोडून अंदाज काढण्याचं काम करतं, आधी ते बघा आणि मग ठरवा स्वतः लिहायचं की नाही.

रोज एक आकडा बघा: आज ठरलेल्या फेऱ्यांपैकी किती फेऱ्यांना गाडी जोडली गेली. हा आकडा जोवर नव्वद टक्क्यांच्या पुढे जात नाही तोवर बाकीच्या रिपोर्टांवर विश्वास ठेवू नका आणि प्रवाशांना लाइव्ह वेळ दाखवायची घाई तर अजिबात करू नका.

दोन बस एकामागोमाग का येतात आणि त्याचं काय करायचं

प्रवाशाची सगळ्यात जुनी तक्रार, अर्धा तास एक नाही आणि मग दोन एकदम. यात ड्रायव्हरचा दोष क्वचित असतो. पुढची गाडी जरा मागे पडली की थांब्यावर तिच्यासाठी जास्त माणसं जमतात, चढायला जास्त वेळ लागतो, ती आणखी मागे पडते, तिच्यामागच्या गाडीला माणसंच उरत नाहीत, ती पळत येऊन तिला चिकटते. न्यूवेल आणि पॉट्स या दोन संशोधकांनी हे १९६४ मध्येच गणिताने मांडून दाखवलं होतं. म्हणजे नुसतं सोडून दिलं तर दोन गाड्यांमधलं अंतर बिघडतच जातं, कुणीतरी हात घालावा लागतो, आणि तो कधी घालायचा ते ट्रॅकिंगमुळे कळतं.

याची किंमत किती ते एकदा हिशोब करून बघा, मग पटेल. दर १० मिनिटांनी गाडी असेल आणि अंतर बरोबर राखलं असेल तर थांब्यावर सहज येणारा माणूस सरासरी ५ मिनिटं थांबतो. आता गाड्या तेवढ्याच, पण जोडीने येतात, एक अंतर २ मिनिटांचं आणि पुढचं १८ चं. सरासरी अंतर अजूनही १० च आहे, कागदावर सगळं छान. पण १० पैकी ९ माणसं त्या १८ मिनिटांच्या पोकळीत येतात आणि सरासरी ९ मिनिटं थांबतात, उरलेला एक जण १ मिनिट. हिशोब येतो ८.२ मिनिटं. एकही गाडी कमी न होता थांबणं दीडपटीच्या वर गेलं. उलटीकडून वाचलं तर एकही नवीन गाडी न घेता प्रत्येकाची ३ मिनिटं वाचवता येतात, आणि मला वाटतं ट्रॅकिंगचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे.

म्हणून भरपूर गाड्या असलेल्या मार्गावर "गाडी वेळेवर आहे का" हा प्रश्न सोडा, अंतर मोजा. लंडनमध्ये तासाला ५ किंवा जास्त बस असलेल्या मार्गांवर हेच करतात, वेळापत्रकानुसार जेवढं थांबावं लागलं असतं त्यापेक्षा प्रवाशाला किती जास्त थांबावं लागलं ते मोजतात. कंट्रोलरच्या स्क्रीनवर नकाशा नको, एक सरळ रेषा हवी, तिच्यावर थांबे आणि गाड्या, आणि दोन गाड्यांच्या मध्ये मिनिटांचा आकडा. नकाशावर वळणावळणाच्या रस्त्यात दोन ठिपक्यांमधलं अंतर डोळ्याला कळत नाही, रेषेवर एका नजरेत कळतं.

हात घालायचा तो शक्यतो सुरुवातीच्या टोकाला. तिथे गाडी रिकामी असते, दोन मिनिटं उशिरा सोडली तर कुणाचं बिघडत नाही. मधेच भरलेली गाडी रोखून धरली तर आतले ६० जण चिडतात आणि ते बरोबरच आहे, त्यामुळे मध्ये थांबवायचं तर जिथे बरेच लोक उतरतात तिथे, एक-दोन मिनिटांपेक्षा जास्त नाही, आणि कंडक्टरने किंवा ड्रायव्हरने आत सांगायचं की पुढच्या गाडीशी अंतर राखायला थांबलोय. सांगितलं की लोक समजून घेतात, न सांगता गप्प उभं राहिलं की घंटी वाजायला लागते.

अर्ध्या तासाला एक गाडी असेल तिथे मात्र नियम वेगळा. तिथे माणूस वेळ बघून येतो, आणि गाडी २ मिनिटं आधी निघून गेली तर त्याचा अर्धा तास जातो. उशिरा आलेली गाडी त्रास देते, लवकर गेलेली दिवस बिघडवते. अशा मार्गांवर दुसरं काही नाही जमलं तरी चालेल, पण मधल्या ठरलेल्या थांब्यांवरून वेळेआधी एकही गाडी सुटता कामा नये, आणि सुटली की त्याच दिवशी चौकशी व्हायला पाहिजे.

वेळापत्रक डेटावरून पुन्हा लिहा

बऱ्याच ठिकाणी वेळापत्रक कधीकाळी कुणीतरी बनवलेलं असतं आणि रस्त्यावरची गर्दी दुप्पट झाली तरी तेच चालू असतं. ड्रायव्हरला ४५ मिनिटं दिलेली असतात, लागतात ५५, मग तो दिवसभर मागेच, जेवायची सुट्टी खाऊन पळत राहतो. हे सुधारायला कामाच्या २० दिवसांचा डेटा पुरतो. एकच फेरी घ्या, समजा सकाळी ९:०५ ची, ती २० दिवस पहिल्या थांब्यावरून सुटून शेवटच्या थांब्याला पोचायला किती मिनिटं लागली ते लहानाकडून मोठ्याकडे लावा. मधला आकडा, दहावा-अकरावा, हा धावायचा वेळ म्हणून वेळापत्रकात घाला. सतरावा-अठरावा आकडा बघा, तो आणि मधला यांच्यात जेवढा फरक आहे तेवढी मिनिटं तरी टोकाला विश्रांतीत वेगळी ठेवा, म्हणजे वाईट दिवशीही पुढची फेरी वेळेवर सुटेल. सगळी वाढीव मिनिटं धावायच्या वेळेत घालू नका, नाहीतर बऱ्या दिवशी गाड्या रांगत चालतात आणि प्रवासी आत बसून कंटाळतात.

आणि दिवसभराची एकच सरासरी काढू नका. सकाळचे ९ आणि दुपारचे २ हे दोन वेगळे रस्ते आहेत असं समजा. सणाचा दिवस, मोठा पाऊस, मोर्चा, असे दिवस बाजूला काढा पण फेकू नका, त्यांचं वेगळं वेळापत्रक लागतं.

एक अनुभव सांगतो. एका मार्गावर एका थांब्यापाशी जवळजवळ प्रत्येक गाडी दोनदा उभी राहिलेली दिसायची, आधी पाऊण मिनिट, मग दहा-बारा मीटर पुढे सरकून पुन्हा मिनिटभर. स्क्रीनवर बघून मी ठरवून टाकलं होतं की ड्रायव्हर टाइमपास करतात. मग एका ड्रायव्हरनेच हाताला धरून नेलं आणि म्हणाला, "साहेब, इथे उभे राहून बघा". थांबा सिग्नलच्या अगदी आधी होता. सिग्नल हिरवा असताना गाडी माणसं घेत उभी, माणसं चढून झाली की सिग्नल लाल, मग तिथे पुन्हा उभी. थांबा चौकाच्या पलीकडे नेला आणि दुसरं थांबणं बऱ्याच अंशी गेलं. डेटा कुठे बघायचं ते दाखवतो, का ते माणूसच सांगतो. ज्या चौकांमध्ये सिग्नलशी जोडणी करता येते तिथे उशीर झालेल्या गाडीपुरता हिरवा दिवा थोडा लांबवता येतो, पण आधी असे थांबे हलवून बघा, त्याला खर्च जवळपास नाही.

यातूनच ड्रायव्हरांचा विषय आला. ट्रॅकिंग सुरू झाल्याच्या पहिल्याच महिन्यात मेमो वाटायला सुरुवात केली की डिव्हाइसच्या वायरी निघायला लागतात, अँटेनावर फडकं पडतं, आणि मग डेटाच जातो. पहिले काही महिने जाहीर सांगा की या डेटावरून कुणाला शिक्षा होणार नाही, आणि शब्द पाळा. त्यांच्या फायद्याचं काहीतरी आधी दाखवा, सुधारलेली विश्रांतीची वेळ ही सगळ्यात चांगली सुरुवात. वेग, अचानक ब्रेक हे सुरक्षेसाठी बघायलाच हवं, पण उशिरासाठी ड्रायव्हरला जबाबदार धरायच्या आधी वेळापत्रक खरं आहे का ते बघा.

प्रवाशाला काय सांगायचं

हे मी मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण वरचं झाल्याशिवाय ॲप काढणं म्हणजे चुकीची माहिती वेगाने पोचवणं. वेळापत्रक आणि थांबे जीटीएफएस या फॉरमॅटमध्ये ठेवा. २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या ट्रायमेट या बस संस्थेने आणि गुगलने मिळून याची सुरुवात केली, आत बघायला गेलं तर साध्या टेक्स्ट फाइली आहेत, आणि जगभरातली ॲप तेच वाचतात. गाडीची लाइव्ह जागा, उशीर आणि सूचना यांच्यासाठी २०११ पासून जीटीएफएस रिअलटाइम आहे. दोन्ही सगळ्यांसाठी खुले ठेवा, ॲप बनवणारे आपोआप येतात, तुमच्या स्वतःच्या ॲपवर सगळा खर्च करायची गरज पडत नाही.

गाडी येण्याची वेळ काढताना अंतर भागिले वेग करू नका, सिग्नलला उभी असलेली गाडी मग "एक तासाने" दिसते. त्या तुकड्यावर त्या वेळेला मागचे काही आठवडे किती वेळ लागला आणि नुकत्याच गेलेल्या दोन-तीन गाड्यांना किती लागला, या दोन्हींवरून काढा. अंदाज बरोबर येतोय का हे रोज तपासा: १० मिनिटांत येईल असं दाखवलेली गाडी खरंच कितीव्या मिनिटाला आली? टोकाला उभ्या गाडीचा अंदाज सगळ्यात कच्चा असतो कारण ती कधी निघणार हे ड्रायव्हरच्या हातात असतं, तिथे "वेळापत्रकानुसार" असं स्पष्ट लिहा. फेरी रद्द झाली तर रद्द दाखवा. लोकांना रद्द कळलेलं चालतं, येतेय येतेय म्हणून ताटकळणं चालत नाही.

सिएटलमध्ये २०११ साली छापून आलेल्या एका अभ्यासात दिसलं की ज्यांच्याकडे लाइव्ह वेळ नव्हती त्यांना आपण खरोखर थांबलो त्याहून जास्त थांबलो असं वाटत होतं, ज्यांच्याकडे वेळ होती त्यांना तसं वाटत नव्हतं. आणि सगळ्यांकडे स्मार्टफोन नसतो, म्हणून मोठ्या थांब्यांवर बोर्ड, बाकीच्यांवर थांब्याचा क्रमांक मोठ्या अक्षरात, तो एसएमएस केला की पुढच्या दोन गाड्यांची वेळ परत यावी. आंधळ्या माणसासाठी आवाजाची सोय, गाडीच्या आत पुढच्या थांब्याची घोषणा, हे सगळं त्याच डेटावर चालतं, त्यासाठी वेगळा डेटा गोळा करावा लागत नाही.

सुरुवात सगळ्या मार्गांवर एकदम करू नका, एकच मार्ग घ्या, बरी गर्दी असलेला, ८-१० गाड्यांचा. सिस्टीम चालू करायच्या आधी एक आठवडा त्याच्या मधल्या एका थांब्यावर सकाळी ८ ते ११ माणूस बसवा, प्रत्येक गाडी किती वाजता आली ते हाताने कागदावर लिहून घ्या. तो कागद जपून ठेवा. वेळापत्रक बदलून, टोकाला गाड्या सांभाळून सोडायला लागून तीन महिने झाले की त्याच थांब्यावर, त्याच वेळेला, पुन्हा तसंच बसून लिहा, आणि दोन्ही कागद डेपोतल्या नोटीस बोर्डावर शेजारी शेजारी लावा.